चाळीस हजारांतला गेमिंग कॉम्प्युटर : सातारा ते सांगलीची एक फेरी

या पानावर नागपूर, महाड, वेरूळ, अजिंठा अशा प्रवासांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली आहेत. आजचा प्रवास त्यामानाने लहान आहे. सातारा ते सांगली, एसटीचे तीन-साडेतीन तास. कारणही जरा निराळे होते. माझ्या पुतणीला गेमिंग कॉम्प्युटर हवा होता, म्हणजे ज्यावर मोठे खेळ न अडखळता चालतात असा. त्यासाठी घरात साठवलेले रुपये होते चाळीस हजार, आणि त्यावर एक पैसाही चढवायचा नाही असे आधीच ठरले होते.

चाळीस हजार ही रक्कम आपल्यासारख्यांच्या घरात कशी जमते हे वाचकांना सांगायला नको. माझा धाकटा भाऊ साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. त्याच्या दोन दिवाळ्यांच्या बोनसमधले पंचवीस आणि भावजयीच्या बचत गटातले पंधरा, असे हे चाळीस. कर्ज नाही, हप्ता नाही, कार्ड घासणे नाही. भावाची ही अट मला फार आवडली.

पहिला विरोध नात्यातूनच झाला. "आरं, पोरगी हाय. गेम कशाला तिला?" मुलाने मागितला असता तर हा प्रश्न कोणी विचारला नसता, हे आपण आपल्याशी तरी कबूल केले पाहिजे. तिचा धाकटा भाऊ रोज तासभर गेमिंग कॅफेत जातो. तासाला तीस रुपये. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि धंद्याने कारकून, त्यामुळे कोणताही वाद आला की मी कागद-पेन्सिल काढतो. रोजचे तीस म्हणजे महिन्याला नऊशे. वर्षाला दहा हजार आठशे. चार वर्षांत हेच चाळीस हजार कॅफेवाल्याकडे जाणार आणि घरात एक स्क्रूसुद्धा येणार नाही. शिवाय त्या कॅफेत सगळे मुलगेच असतात. संध्याकाळी तिथे मुलीला कोण बसू देणार? म्हणजे खेळ भावाला आणि मोबाईलवर दुसऱ्यांचा खेळ बघत बसणे बहिणीला. तिच्यासाठी घरातला कॉम्प्युटर हाच एक मार्ग होता.

दुसरी शंका पैशाच्या जुगाराची. ती रास्त आहे. मोबाईलवर पैसे लावून खेळण्यात कित्येकांचे पगार गेलेले आपण आपल्या वस्त्यांत पाहिले आहेत. पण पैसे लावायचा खेळ वेगळा आणि हात, डोळे, डोके लावायचा खेळ वेगळा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यातही हाच भेद आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी, आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेच्या खेळांना मान्यता. पुतणीला हवे होते ते दुसऱ्या प्रकारचे खेळ.

आता बाजाराकडे वळू. मे २०२५ ची गोष्ट. दहावीचा निकाल लागला होता. साताऱ्यातच एका दुकानात आम्ही प्रथम गेलो. काचेच्या कॅबिनेटमध्ये लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते. दुकानदाराने अडतीस हजारांचा तयार संच दाखवला. "आय-सेव्हन आहे साहेब, सोळा जीबी रॅम, चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड. सगळे गेम पळतील." भावाचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात पुतणीने विचारले, "काका, आय-सेव्हन कितव्या पिढीचा?" दुकानदार म्हणाला, "तिसऱ्या."

इथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण सगळी गोम इथेच आहे. इंटेल कंपनी आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावे वर्षानुवर्षे वापरत आली. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन २०१२ सालचा. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्री २०२२ सालचा. नावात आय-सेव्हन मोठा, पण खेळ चालवताना हा नवा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनच्या पुढे जातो. कंपन्यांनी वापरून काढलेल्या कॉम्प्युटरमधले प्रोसेसर नव्या स्वस्त बोर्डावर बसवून दिव्यांच्या डब्यात घालून विकले जातात. कार्डाचेही तेच. चार जीबी म्हणजे कार्डाची नुसती स्मृती. त्याची ताकद मॉडेलवरून कळते. त्या संचातले जीटी ७३० हे कार्ड २०१४ सालचे होते. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवणार हे तेव्हाच जाहीर झाले होते. म्हणजे विकत घेतल्यापासून पाच महिन्यांत जुना होणारा माल. दुकानदार एकही शब्द खोटा बोलला नव्हता. त्याने फक्त अर्धे सांगितले होते.

घरी आल्यावर पुतणीने तिची वही पुढे केली. गेले सहा महिने ती त्यात भागांची नावे, किमती, कोणता भाग कशाला जुळतो हे लिहीत होती. तयार संच न घेता एकेक भाग निवडून जोडायचा, असा तिचा आग्रह. पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. तिथे पाच-सातशे रुपये कमी पडतात हे खरे, पण जाण्यायेण्याचा खर्च आणि उद्या एखादा भाग बिघडला तर पुन्हा फेरी, हे जमेस धरले की फायदा संपतो. भावजयीचे माहेर सांगलीचे. तिचा भाऊ तिथे आहे, दुकानात बदलून आणायचे झाले तर तो जाईल. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून सांगलीत आहे, विद्यार्थ्यांमुळे अशा मालाची उठाठेव तिथे असणारच. सांगली ठरली.

सकाळच्या एसटीने निघालो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे, त्यामुळे भावजय आणि पुतणी अर्ध्या तिकिटात, आम्ही दोघे भाऊ पूर्ण तिकिटात. महामार्गाच्या सहापदरीकरणाचे काम चालू होते. जागोजागी वळण, धूळ आणि उभी यंत्रे. उंब्रज गेले, कऱ्हाड आले, जिथे कोयना कृष्णेला मिळते. पेठ नाक्याला गाडीने महामार्ग सोडला आणि त्या वेळचे इस्लामपूर, म्हणजे आताचे ईश्वरपूर, मग आष्टा. दोन्ही बाजूंना ऊस. पुतणी खिडकीशी बसून वही उघडून काहीतरी खोडत होती. भाऊ शेजारी बसून विचारत होता, "ह्या कार्डाला वॅट किती लागतात?" फिटर माणूस. त्याला जीबी कळत नसे, पण लोड कळत होता. घरातले दोघे दोन बाजूंनी एकाच यंत्राजवळ येत होते, हे बघायला मला बरे वाटले.

तिच्या वहीतली पहिली यादी अशी होती : बाराव्या पिढीचा आय-थ्री १२१००एफ आणि एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड. या नावातला शेवटचा एफ फार महत्त्वाचा. एफ असला की प्रोसेसरमध्ये स्वतःचे चित्र काढायची सोय नसते. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार. म्हणजे कार्ड घ्यावेच लागणार आणि नवे चांगले कार्ड चाळीस हजारांत बसत नाही. वापरलेले घ्यावे, तर ते कुठे आणि किती राबले हे कळायला मार्ग नाही. इथेरियम नावाचे आभासी चलन सप्टेंबर २०२२ पर्यंत अशाच कार्डांवर रात्रंदिवस तयार केले जाई. ती पद्धत बंद झाल्यावर जगभर ती राबलेली कार्डे बाजारात आली. भाऊ म्हणाला, "चोवीस तास फिरलेल्या पंख्याचं बेअरिंग मी बघितल्याशिवाय घेत न्हाय." बेअरिंग दाखवायला विकणारा समोर येत नव्हता, तो फक्त मोबाईलवरच्या जाहिरातीत होता. कार्ड यादीतून गेले.

मग दुसरी वाट. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ सालचा प्रोसेसर. सहा गाभ्यांचा, आणि त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. नवे अवजड खेळ त्यावर चालणार नाहीत. पण हलके आणि मध्यम खेळ, चित्राची प्रत थोडी उतरवली की, व्यवस्थित चालतात. पुढे पैसे साठले की त्याच बोर्डावर कार्ड बसवता येते. म्हणजे घर आधी बांधायचे, माडी नंतर चढवायची. मात्र पाया माडी पेलणारा हवा.

आष्ट्यापासून पुढे गाडी सांगलीवाडीला आली. समोर कृष्णा आणि आयर्विन पूल, १९२९ सालचा. आम्ही अलीकडेच उतरलो, कारण पाहुण्यांचे घर सांगलीवाडीतच आहे. दारात "जय भीम" झाला, पाणी झाले. घराच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक तपकिरी रेघ अजून दिसते. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. त्याआधी २००५ आणि नंतर २०२१. पाहुणे हळदीच्या पेठेत हमाली करतात. ते पुतणीला म्हणाले, "बाळ, डबा जमिनीवर ठिवू नगंस. आमचा टीव्ही, फ्रीज, पोरांची दप्तरं, समदं त्या पाण्यात गेलं." साताऱ्याच्या चढावर कृष्णेचा पूर येत नाही, पण धूळ, ओल आणि फरशी पुसायचे फडके येतेच. पुतणीने वहीत लिहिले, "टेबलावर."

दुपारी पाहुणे आमच्याबरोबर विश्रामबागेकडच्या एका दुकानात आले. दुकान लहान, दिव्यांचा झगमगाट बेताचा. मागे विशीतला एक मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेला. पुतणीने वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली आणि प्रथमच कोणीतरी तिच्याशी बोलू लागले. आतापर्यंत प्रत्येक दुकानात प्रश्न ती विचारायची आणि उत्तर मला किंवा भावाला मिळायचे.

पहिली घासाघीस झाली पॉवर सप्लायवर. घरातल्या विजेचे कॉम्प्युटरला लागणाऱ्या विजेत रूपांतर करणारा हा लोखंडी डबा. दुकानदाराने सुचवले, "हे कॅबिनेट घ्या, पॉवर सप्लाय त्याच्याबरोबर फुकट." चार हजार वाचणार होते. भावाने लेबल वाचायला सुरुवात केली. पाहुण्यांना वाचायचे नव्हते. त्यांनी एका हातात फुकटचा डबा घेतला, दुसऱ्या हातात ब्रॉन्झ दर्जाचा ५५० वॅटचा डबा घेतला आणि पोत्याचा अंदाज घ्यावा तसे दोन्ही हात खालीवर केले. "पाहुणं, ह्यो रिकामा हाय," ते म्हणाले. स्क्रू-ड्रायव्हरवाला मुलगा हसला आणि म्हणाला, "बरोबर आहे मामा." स्वस्त डब्यात तांबे कमी, कंडेन्सर लहान, उष्णता ओढणारे ॲल्युमिनियम पातळ. म्हणून तो हलका. लेबलवर ४५० वॅट छापलेले असले तरी पूर्ण लोड आला की तो बसतो, आणि कधी कधी जाताना बोर्डालाही घेऊन जातो. नुसत्या वजनावर निर्णय करू नये, ८० प्लसचा शिक्का आणि वॉरंटीची वर्षेही बघावीत. पण तीस वर्षे पोती उचललेल्या हाताची पारख त्या दिवशी उपयोगी पडली. पुतणीने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ते मी विसरणार नाही.

दुसरा प्रश्न रॅमचा. सोळा जीबीची एक पट्टी घ्यायची की आठ-आठच्या दोन? किंमत जवळपास सारखी. प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी स्मृती नसते, ते याच रॅममधून उसने घेते. एकाच पट्टीवर सगळे आले की एका नळाला सगळ्या चाळीची रांग लागते. दोन पट्ट्या म्हणजे दोन नळ. खेळांत याचा फरक डोळ्यांना दिसतो. दोन पट्ट्या घेतल्या, आणि ठरलेल्या खोबणींत, कारण चुकीच्या खोबणीत दोन पट्ट्याही एकाच नळासारख्या चालतात.

शेवटी माझ्या कागदावर उतरलेला हिशेब असा. आकडे पूर्णांकात आहेत आणि मे २०२५ चे आहेत :

प्रोसेसर, रायझन ५ ५६००जी : ११,०००
मदरबोर्ड, बी-४५० जातीचा : ५,२००
रॅम, आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या : ३,४००
एसएसडी, ५०० जीबी : ३,०००
पॉवर सप्लाय, ५५० वॅट, ब्रॉन्झ : ४,०००
कॅबिनेट, पुढे जाळी असलेले, बिनदिव्यांचे : २,४००
मॉनिटर, २२ इंची : ६,२००
कीबोर्ड आणि माउस : ९००
लहान यूपीएस : २,४००
एकूण : ३८,५००

उरलेले दीड हजार जाण्यायेण्याला आणि वाटखर्चाला. यूपीएसवर भाऊ अडून बसला होता. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कितीदा जाते हे त्याला माहीत. चार-पाच मिनिटे मिळाली तरी यंत्र नीट बंद करता येते.

विंडोजचा खर्च या यादीत नाही, हे कोणा जाणत्या वाचकाच्या लक्षात आले असेल. "चोरीची घालून देऊ का?" असे आम्हाला आधीच्या दोन दुकानांत अगदी सहज विचारले होते. पुतणीने उबुंटू नावाची लिनक्स प्रणाली टाकून घेतली. ती फुकट आहे आणि कायदेशीर आहे. त्यावर काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे जगभर स्पर्धा होणारे खेळ पैसे न देता खेळता येतात. धाकट्यासाठी सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत आहे. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रे तयार करायचे साधनही फुकट. व्हॅलोरंटसारखे काही खेळ मात्र लिनक्सवर चालत नाहीत. ते पाहिजे असतील त्यांनी विंडोजचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

जोडणीला दोन-तीन तास लागणार होते. पुतणी आणि तिचा बाप हलायला तयार नव्हते, प्रत्येक खोके आपल्यासमोर उघडले पाहिजे म्हणाले. भावजयीची मावशी मिरजेला असते, म्हणून मी आणि भावजय तेवढ्यात मिरजेला जाऊन आलो. वाटेत सतारमेकर गल्ली लागते. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतले, आणि आजही ते त्याच गल्लीत चालते. एका दारात वाळलेले भोपळे ओळीने टांगले होते. भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या शेतांतून येतो, लाकूड दुसरीकडून, तारा तिसरीकडून. सतार करणारा भोपळा पिकवत नाही आणि तार ओढत नाही. कोणता भोपळा कोणत्या दांडीला शोभेल हे तो जाणतो, आणि त्यातच त्याची विद्या आहे. आतून पोखरलेल्या भोपळ्यावर कितीही नक्षी काढली तरी आवाज येणार नाही, हे तिथे उभ्या उभ्या भावजयीला पटले. ती म्हणाली, "म्हंजी दिव्याचा डबा नको म्हनत होती ती ह्यासाठी."

परत आलो तेव्हा टेबलावरच्या पडद्यावर चित्र आले होते. स्क्रू-ड्रायव्हरवाल्या मुलाने पुतणीला रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवायला लावल्या होत्या, पुढे तिला स्वतःला करता यावे म्हणून. बिलावर प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक वेगवेगळा लिहून घेतला. अठरा टक्के जीएसटी धरलेले पक्के बिल. कच्च्या चिठ्ठीवर हजार रुपये कमी करतो असे म्हणणारे भेटतात. पण वॉरंटी मागायला गेल्यावर कंपनी चिठ्ठी ओळखत नाही, बिल ओळखते.

रात्री सांगलीवाडीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कोयना एक्स्प्रेसने निघालो. मॉनिटरचे खोके भावाच्या मांडीवर, कॅबिनेट दोन सीटच्या मध्ये चादरीत गुंडाळलेले. किर्लोस्करवाडीला एका म्हाताऱ्या बाईने विचारले, "काय नेताय बाबा एवढं जपून?" भाऊ म्हणाला, "कॉम्प्युटर हाय, पोरीच्या अभ्यासाला." भावजय लगेच म्हणाली, "खोटं कशाला बोलायचं? खेळायला घेतलाय. खेळंल बी आन् शिकंल बी."

मी डब्यात गप्प बसलो, पण हे वाक्य मनात राहिले. आपल्या घरांत मुलाला काहीही घेताना त्याला अभ्यासाचे लेबल लावावे लागते. सायकल शाळेसाठी, मोबाईल शाळेसाठी, चष्मासुद्धा शाळेसाठी. दोन पिढ्या शिकण्यासाठी झगडल्या, म्हणून हे लेबल आपल्याला प्रिय आहे आणि त्याचा मला आदर आहे. परंतु ज्यांच्या घरात सुबत्ता आहे त्यांची मुले फक्त खेळण्यासाठी खेळतात आणि कोणी त्यांच्याकडे खुलासा मागत नाही. आपल्या मुलांनाही तो एक तास बिनखुलाशाचा मिळावा. गंमत अशी की बसने जाताना बाप-लेकीने वॅटचा जो हिशेब केला, तो कोणत्याही अभ्यासापेक्षा कमी नव्हता. पण तो झाला खेळाच्या ओढीने.

आता पुढची हकीकत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी प्रचंड संगणक-केंद्रे उभी राहत आहेत, त्यांनी स्मृतीच्या चिप्सची मागणी वाढवली आणि कारखाने त्यांच्याकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. एसएसडीही महागल्या. त्यामुळे वरची यादी घेऊन कोणी दुकानात गेले, तर ३८,५०० मध्ये काम होणार नाही. त्याला माझा हिशेब उपयोगी नाही, माझी पद्धत उपयोगी आहे.

ती पद्धत थोडक्यात सांगतो. पहिले म्हणजे कोणते खेळ खेळायचे ते मुलांकडून लिहून घ्यावे आणि त्या खेळांना किमान काय लागते ते बघावे. सगळे चालेल असे यंत्र शोधायला गेले की खर्चाला तळ राहत नाही. दुसरे, प्रोसेसर आणि कार्डाचे पूर्ण नाव, पिढी आणि साल विचारावे. तिसरे, पॉवर सप्लाय आणि बोर्ड यांत काटकसर करू नये, कारण पुढची भर त्यांच्यावरच पडणार आहे. काटकसर दिव्यांत, काचेत आणि महाग कीबोर्डात करावी. चौथे, जुने घ्यायचेच तर कार्ड किंवा पॉवर सप्लायपेक्षा रॅमची पट्टी घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो आणि दुकानातच चालवून तपासता येते. आजच्या भावात हा विचार जरूर करावा. मात्र डीडीआर-४ च्या बोर्डात डीडीआर-५ ची पट्टी बसत नाही, हे ध्यानात ठेवावे. पाचवे, हप्त्यावर घेऊ नये. यंत्र जुने होते, हप्ता मात्र प्रत्येक महिन्याला नवा येतो.

पुतणीच्या यंत्रात ग्राफिक्स कार्डाची खोबण अजून रिकामी आहे. ती एका पत्र्याच्या डब्यात पैसे टाकते. सध्या संध्याकाळी सात ते आठ तिचा तास आणि आठ ते नऊ धाकट्याचा, असा कागद भिंतीवर चिकटवला आहे. कॅफेचे महिन्याचे नऊशे रुपये बंद झाले. शेजारच्या दोन मुली रविवारी येतात, त्यातली एक गाड्यांच्या शर्यतीत सगळ्यांना हरवते. ब्लेंडरमध्ये पुतणीने आयर्विन पुलाचे चित्र करायला घेतले आहे. कमानी जमल्या, पाणी जमत नाही म्हणते.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात एखादी अशी वही असेल तर ती मागून घ्या आणि एकदा शेवटपर्यंत वाचा. नाव कळले नाही तर विचारा. दुकानात गेल्यावर तिला पुढे उभी करा, तुम्ही मागे उभे राहा. पैसे तुमच्या खिशात आहेत, तेवढा दरारा पुरे.